मास्टरांच्या वाक्यातला लपवलेला शब्द

मी शिवणकाम लग्नानंतर शिकले. घाटंजीहून एसटीनं यवतमाळला जायचे, दुपारचा वर्ग करून संध्याकाळी परत. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी आम्हा विद्यार्थिनींचा मोबाइलवर एक चर्चागट काढला होता. वर्ग संपला, गट मात्र राहिला आणि वाढत गेला. पुसद, दिग्रस, आर्णी, वणी अशा जिल्हाभरातल्या शिवणाऱ्या बाया त्यात येत गेल्या. मग मॅडमनी दोन-चार पुरुष शिंप्यांनाही घेतलं. "जुने कारागीर आहेत, आपल्याला शिकायला मिळेल," असं त्यांचं म्हणणं. काही जणींना ते पटलं नव्हतं, पण मॅडमपुढे कुणी बोललं नाही.

गट ज्या अ‍ॅपवर होता ते फारसं कुणाला माहीत नव्हतं. मॅडमना ते आवडलं याचं कारण एकच होतं. त्यात असभ्य शब्द आपोआप लपायचे. कुणी वाईटसाईट लिहिलं की त्या शब्दाच्या जागी चांदण्या यायच्या आणि खाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ यायची, 'असभ्य शब्द लपवला आहे.' बायांचा गट, घरातली माणसं फोन पाहतात, म्हणून मॅडमना हे हवंच होतं. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण कशाला असभ्य लिहायला जातो, असं आम्ही समजून चाललो होतो.

त्या पुरुषांमध्ये राजूरचे एक मास्टर होते. आमच्याकडे शिंप्याला मास्टरच म्हणतात. नावावरून मुसलमान आहेत एवढं कळायचं, बाकी काही नाही. स्वतःच्या फोटोच्या जागी त्यांनी काळ्या शिलाई मशीनचा फोटो लावला होता. लिहायचे थोडं, पण कामाचं. कुणाच्या ब्लाउजच्या खांद्याला झोळ येतो, कुणाची बाही वर ओढते, असं कुणी विचारलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं उत्तर आलेलं असायचं. मलाही त्यांनी एकदा अस्तर आधी धुवून घ्यायला सांगितलं होतं. तेव्हापासून मी तसंच करते.

दिवाळीच्या आधी मी स्वतःसाठी एक पंजाबी ड्रेस शिवला. मला तो मनासारखा जमला. मी तो घातला, मशीनच्या बाजूला उभी राहिले आणि नवऱ्याला म्हटलं, एक फोटो काढा. त्यांनी दोन-तीन काढले. मागे लोखंडी जाळी, जाळीतून सकाळचं ऊन फरशीवर पडलेलं, मशीनवर अर्धवट शिवलेलं कापड. त्यातला एक मी गटावर टाकला. बायांनी कौतुक केलं. गळ्याचं डिझाइन कुठून घेतलं, असं कुणी विचारलं. दुपारी मी जेवून ताट उचलत होते तेव्हा मास्टरांचा संदेश आला.

'ताई, तुमचा *** फार छान आहे. असा सर्वांच्या नशिबात नसतो. पाहून हेवा वाटला.'

खाली ती करडी ओळ होती.

मी ते वाचलं आणि ताट तसंच खाली ठेवलं. पुन्हा वाचलं. तुमचा काय? माझा चेहरा म्हणावा तर चेहरा हा शब्द असभ्य नाही. ड्रेस म्हणावा तर त्याच्यावर चांदण्या कशाला येतील? ज्या शब्दाला लपवावं लागतं, असं माझ्याजवळ काय होतं जे फोटोत पाहून त्या माणसाला हेवा वाटला? फोटो उघडून मी स्वतःकडेच नीट पाहिलं. ओढणी होती. दोन्ही खांद्यांवर होती. तरी मला वाटायला लागलं की ड्रेस अंगाला जास्त बसला आहे.

गटावर तोवर कौतुक थांबलं होतं. मग आर्णीच्या एकीनं लिहिलं, 'मॅडम, हे काय चाललं आहे?' दुसरीनं लिहिलं, 'म्हणून मी म्हणत होते पुरुष नको.' तिसरीनं फक्त, 'नाव पाहा ना.' त्या तिसऱ्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नाही, पण कुणी हरकतही घेतली नाही. मीही नाही.

संध्याकाळी नवरा दुकानातून आले. ते इथल्या एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहेत. चहा पिताना त्यांनी माझा फोन हातात घेतला. फोटोला काय काय लिहिलं आहे ते त्यांना पाहायचं होतं, कारण फोटो त्यांनी काढला होता. मी मशीनवरून उठलेही नाही. त्यांचा अंगठा वर-खाली होताना थांबला ते मला दिसलं.

"हा कोण हाय?" ते म्हणाले.

"राजूरचे मास्टर हायत. सगळ्यायले सांगतात शिवण्याचं."

"हे शिवण्याचं सांगून राह्यला काय?"

"मले काय मालूम त्यानं काय लेहलं ते? तिथं तं चांदण्या हायत."

"चांदण्या हायत म्हणूनच इचारून राह्यलो."

मी म्हटलं, म्हातारे असतील हो, चुकून काही लिहिलं असेल. मला ते प्रकरण वाढवायचं नव्हतं. पण त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हातारा हाय हे तुले कोणं सांगतलं? तिथं तं मशीनचा फोटो हाय."

मॅडम जुने कारागीर म्हणाल्या होत्या त्यावरून मी म्हटलं होतं. मी तसं सांगितलंही. ते "हं" म्हणाले. मग, जणू काही वेगळाच विषय काढतो आहे अशा आवाजात म्हणाले, "राजूर म्हणजे वणीच्या बाजूलेच ना? तुयं माहेर तिकडचंच."

माझं माहेर वणीचं. राजूर तिथून ऑटोनं जाता येतं इतकं जवळ. हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्यांनी ते आत्ताच कळल्यासारखं म्हटलं. मी पुन्हा शिवायला लागले. काही बोलले असते तर त्याचाही काही अर्थ निघाला असता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेल्यावर मी मास्टरांचे गटावरचे जुने संदेश काढून वाचत बसले. आधी जे सहज वाचून सोडून दिलं होतं, ते आता मी वकिलासारखं वाचत होते. आणि सापडलंही. पावसाळ्यात कुणीतरी पेटीतल्या कापडाबद्दल विचारलं होतं, त्यावर त्यांचं उत्तर, '*** पावसाळ्यात जास्त होते. रोज उघडून हवा द्या.' दुसऱ्या एका ठिकाणी, '*** शिवताना घाई करू नका. हळू घ्या, घसरते.' तेव्हा आम्हाला वाटलं असेल, अ‍ॅपचा काही बिघाड असेल. खरं म्हणजे काही वाटलंच नव्हतं. आता मात्र 'रोज उघडून हवा द्या' हे वाचताना माझे कान तापले. वाटलं, हा माणूस आधीपासूनच असं करत आला आहे. मधेच एक घाण शब्द टाकायचा, बाकी वाक्य साधं ठेवायचं, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

हे फक्त मलाच सापडलं नव्हतं. दुपारपर्यंत तेच दोन संदेश कुणीतरी गटावर पुन्हा टाकले. मॅडमचा मला फोन आला. त्यांचा आवाज खाली गेलेला होता. "तुम्हाला त्यांचा कधी वेगळा संदेश आला होता का? खासगीत?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या क्षणभर थांबल्या. ते थांबणं मला आवडलं नाही. मग म्हणाल्या, "मी त्यांना काढते गटातून. तुम्ही काही उत्तर देऊ नका."

त्यांना काढलं आणि संध्याकाळी मला त्यांचा खासगी संदेश आला. 'ताई, माझं काय चुकलं? मी तर चांगलंच लिहिलं होतं. मॅडम फोन उचलत नाहीत.' त्यात एकही चांदणी नव्हती. ते वाचून मला राग आला. चांगलंच लिहिलं होतं म्हणतो, म्हणजे किती निर्ढावलेला असेल. मी उत्तर दिलं नाही. पण संदेश पुसलाही नाही, आणि तिथंच घोटाळा झाला. तो नवऱ्याच्या नजरेला पडला. आता फक्त गटावरचा नाही, तर माझ्या एकटीच्या फोनवर त्या माणसाचा संदेश होता, आणि तोही 'माझं काय चुकलं' असा.

त्यानंतर ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. फक्त माझा फोन वाजला की मान वर करून पाहायचे. मी शिवत असले की येऊन खुर्चीवर बसायचे, पेपर उघडायचे आणि पान उलटायचे नाहीत. एकदा विचारलं, "वणीले तुमच्या शाळेत मुसलमानाचे पोट्टे होते काय?" मी म्हटलं, सगळेच होते. ते पुन्हा "हं" म्हणाले. मलाही मग त्यांचा संशय यायला लागला. हे खरंच एवढ्यावरूनच चाललं आहे, की आधीपासून मनात काही होतं आणि आता निमित्त मिळालं, हे मला उमगेना.

त्याच महिन्यात वणीला भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. नवरा सोबत आले, जेवण करून संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मी दोन दिवस राहणार होते. पाहुणे गेल्यावर वहिनी आणि मी साड्यांच्या घड्या करत बसलो होतो. वहिनीचा ब्लाउज माझ्या हातात आला. मी सवयीनं उलटा करून आतली शिलाई पाहिली. काखेजवळची जोडणी इतकी साफ होती की मी विचारलं, "हा कोणं शिवला?"

"राजूरच्या मास्टरनं. मी तं किती वर्षांपासून त्यायच्याचकडं शिवते."

मी नाव विचारलं. तेच नाव होतं.

वहिनीला मी सगळं सांगितलं. फोन काढून ती वाक्यं दाखवली. तिनं वाचलं आणि तिचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा झाला.

"हे त्यायनं लेहलं? मास्टरनं? अवं, ते माप घेतानीसुद्धा टेप हातात घेत नाईत. त्यायची बायको माप घेते, ते दुरून लेहून घेतात."

"फोनवर माणूस वेगळा असते," मी म्हटलं.

वहिनीनं हातातली घडी पुरी केली. तिलाही तसंच वाटलं असावं. मग म्हणाली, "उद्या जाऊ. मले बी पाहाचं हाय ते काय म्हणतात ते."

सकाळी आम्ही ऑटोनं राजूरला गेलो. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग, रस्त्याच्या कडेची झाडं वरपासून खालपर्यंत काळपट. मास्टरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दार अर्धं लावलेलं, आत दिवसाही ट्यूबलाइट लावलेली. मशीनवर पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ बसले होते. खाली चटईवर त्यांची बायको ब्लाउजला हुक लावत होती. वहिनीला पाहून दोघं हसले. वहिनीनं माझी ओळख करून दिली, "ही माझी नणंद. घाटंजीची. तुमच्या त्या मोबाइलच्या गटात होती."

मास्टरांचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला. त्यांच्या बायकोनं सुई कापडात खुपसून ठेवली आणि माझ्याकडे पाहायला लागली. मी तिथं जाब विचारायला आले होते, पण ती बाई माझ्याकडे अशी पाहत होती की मीच काही केलं आहे.

"बसा ताई," मास्टर म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "तुम्हीच ना, फोटोवाल्या?"

"हो."

"ताई, मले आजपर्यंत कोणी सांगतलं नाई का मी काय गलत लेहलं. मॅडमनं निकालून देलं. इथं लोकायले मालूम झालं. आमच्या मोहल्ल्यातली एक बाई त्या गटात हाय, तिनं हिले सांगतलं का तुझा मालक बायायले गंदं लेहते."

बायको खाली पाहत म्हणाली, "मैं तो पूछ पूछ के थक गई. बोलते हैं कुछ नहीं लिखा. कुछ नहीं लिखा तो निकालेंगे कायको?"

म्हणजे या घरातही तेच चालू होतं. आमच्याकडे नवरा मला विचारत होता, इथं बायको नवऱ्याला.

"तुम्ही काय लेहलं होतं?" मी विचारलं. सगळ्यांसमोर विचारायला जीभ रेटत नव्हती, पण विचारलं.

"तुम्ही पाहा ना. माझ्या फोनमंदी हाय."

त्यांनी गल्ल्याच्या डब्यावरून फोन उचलला. गटातून काढलं तरी आधीचं बोलणं त्यांच्या फोनवर राहिलं होतं. त्यांनी ते उघडून माझ्या हातात दिलं. माझा फोटो होता, आणि खाली त्यांचं वाक्य होतं. अख्खं.

'ताई, तुमचा व्हरांडा फार छान आहे. असा सर्वांच्या नशिबात नसतो. पाहून हेवा वाटला.'

मी वाचलं. वहिनीनं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"व्हरांडा?" वहिनी म्हणाली.

"मंग काय?" मास्टर म्हणाले. "इथं पाहा ना ताई, ह्या कोळशाच्या धुळीनं दार उघडं ठेवता येत नाई. पांढरा कपडा बाहेर काढला का काळा. दिवसा लाईट लावून शिवतो मी. डोळे गेले माझे. तुमच्या फोटोत ते ऊन पाहलं, जाळीवाला व्हरांडा पाहला, म्हटलं नशीबवाली बाई हाय. ह्याच्यात काय गंदं हाय?"

मी माझा फोन काढला, तेच वाक्य उघडलं आणि त्यांच्या फोनच्या शेजारी धरलं. त्यांच्याकडे शब्द, माझ्याकडे चांदण्या. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही फोन डोळ्यांजवळ नेले. बायको उठून आली. लिहिणाऱ्याला स्वतःचं लिहिलेलं जसंच्या तसं दिसत होतं आणि बाकी जगाला चांदण्या दिसत होत्या. म्हणून त्यांना कधी कळलंच नाही की आपण काय लिहिलं म्हणून लोक बिथरले.

"पण व्हरांड्याले काहून लपवलं?" मी विचारलं.

वहिनी पाहतच होती. तिनं मास्टरांच्या फोनवर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर बोटाचं टोक ठेवलं आणि उरलेलं मला दाखवलं. मी मनात वाचलं. एवढी वर्षं तो शब्द बोलत आले, लिहीत आले, त्याच्या पोटात बाईला द्यायची ती शिवी बसली आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. यंत्राला तेवढंच दिसलं.

"आणि हे?" मी ते दुसरे दोन संदेश काढले. मास्टरांच्या फोनवर तेही अख्खे होते. पेटीतल्या कापडाला लागते ती बुरशी. घसरत्या कापडाचा शिवतात तो बुरखा. यावेळी वहिनीला किंवा मला काही सापडेना. पण मास्टरांनी त्या शब्दांकडे पाहिलं आणि एकदम फोन उलटा करून ठेवला. त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं. हिंदीत त्या पहिल्या दोन अक्षरांचा बाईच्या अंगाचा कुठला घाण शब्द होतो ते निघताना मास्टरांच्या बायकोनं वहिनीच्या कानात सांगितलं, आणि वहिनीनं मला परतताना ऑटोत, ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं.

त्यांच्या बायकोनं चहा केला. चहा पिताना ती माझ्याशी बोलली, पण मास्टर हसले नाहीत. निघताना म्हणाले, "ताई, हे तुम्ही सगळ्यायले सांगान काय?"

मी सांगते म्हटलं.

वणीहूनच मी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही त्यांच्या घरी गेलात? एकट्या?" वहिनी होती म्हटल्यावर त्या मोकळ्या झाल्या. मग म्हणाल्या, "गटावर तुम्हीच लिहा. फोटो तुमचा होता, तुम्ही सांगितलं तर पटेल."

मी विचार करून लिहिलं. तो शब्द टाळायचा हे आता मला कळत होतं. 'मास्टरांनी वाईट काही लिहिलं नव्हतं. फोटोत माझ्या घराची ओसरी दिसते, तिचं त्यांनी कौतुक केलं होतं. मी त्यांच्या फोनवर पाहिलं आहे.'

आर्णीच्या बाईचं लगेच उत्तर आलं, 'ओसरी लिहिलं असतं तर ओसरीच दिसलं असतं ना ताई.' दुसरीनं विचारलं, 'तुम्ही त्यांच्या फोनपर्यंत कशा पोचल्या?' मी लिहिलं, ओसरी नाही, ओसरीला आपण जो दुसरा शब्द वापरतो तो. मग दिग्रसच्या एकीला उलगडलं. तिनं लिहिलं, '*** का? बरोबर ना?'

तिला तिच्या फोनवर तो शब्द नीट दिसत होता, आम्हाला चांदण्या. आर्णीच्या बाईनं तिला झापलं, 'तुम्ही कशाला घाण लिहिता?' दिग्रसची चिडली. तिनं पुन्हा तेच लिहिलं. मग एकेकीच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला आणि प्रत्येकीला स्वतः लिहून पाहायचं होतं. कुणी घरातल्या दुसऱ्या फोनवर पाहत होती, कुणी शेजारणीला बोलावत होती. स्क्रीनभर नुसत्या चांदण्या उमटत गेल्या आणि प्रत्येकीखाली करडी ओळ. मला हसू फुटलं. वहिनीला हाक मारून मी फोन दाखवत होते, तेवढ्यात सगळं थांबलं आणि एक सूचना आली. 'या गटात वारंवार असभ्य भाषा वापरली गेल्यामुळे हा गट बंद करण्यात आला आहे.'

ती सूचना गटातल्या प्रत्येकीच्या फोनवर गेली. आम्ही ज्या गोष्टीवर हसत होतो ती बऱ्याच घरांत नवऱ्यांनी, सासऱ्यांनी वाचली. मॅडमनी अ‍ॅपवाल्यांना लिहून पाहिलं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत,' एवढं उत्तर आलं. मग मॅडमनी दुसऱ्या ठिकाणी नवा गट काढला, पण सगळ्या जणी आल्या नाहीत. आर्णीची बाई तर नाहीच. ती मॅडमना फोनवर म्हणाली की घरचे नाही म्हणतात, बायांच्या गटात असं बोलतात तर तिथं कशाला जायचं, असं विचारतात. तिनं स्वतः एकदाही तो शब्द लिहिला नव्हता.

घाटंजीला परतल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. कागदावर शब्द लिहून पहिलं अक्षर झाकून दाखवलं. बाकीचे दोन शब्द लिहिले तेव्हा त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला.

"मंग आमचं गांडूळ खत बी तिथं चालणार नाई," ते म्हणाले.

मला वाटलं, संपलं. ते कागदाची घडी घालत राहिले.

"पण तू तिथं गेलती," ते म्हणाले. "मले न सांगता."

"सांगतलं असतं तं जाऊ देलं असतं काय?"

"नसतं जाऊ देलं."

"मंग?"

त्यांनी घडी केलेला कागद खिशात टाकला. ते दुकानात निघून गेले. फोनकडे पाहणं हळूहळू कमी झालं, पण एका दिवसात नाही.

नव्या गटात येण्याविषयी मॅडमनी मास्टरांना स्वतः फोन केला. माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी दुकानातच बरा हाय." मॅडमनी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "कोणाले काही इचाराचं असन तं फोन करा. बोललेलं तं कोणी झाकत नाई."

मी तसा फोन केला, संक्रांतीच्या सुमारास. एका जाड कापडाची बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याखालच्या घेराला, नीट बसत नव्हती. ते नमाजला गेले होते, बायकोनं सांगितलं की आल्यावर लावतील. त्यांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि नवऱ्यानं उचलला.

"कोण? हो. हो, घाटंजीहून. मी तिचा मालक बोलून राह्यलो." मग ते ऐकत राहिले. मी कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिले. "आमच्या इथं आता थंडी चांगली हाय. तुमच्याकडं? असं. डोळ्याचं काय केलं मंग तुम्ही? यवतमाळले दाखवा ना." बरंच बोलणं झालं. शेवटी त्यांनी फोन माझ्या कानाला लावून धरला, कारण माझे हात कणकेचे होते. मास्टरांनी मला बाहीच्या माथ्यावर किती चुण्या धरायच्या आणि कुठून सोडायच्या ते सांगितलं. नवरा फोन धरून तिथंच उभे होते. त्यांना बसता आलं असतं, फोन ओट्यावर ठेवता आला असता. ते उभे राहिले.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "समजलं काय बाहीचं?"

"समजलं."

"चांगला माणूस वाटते," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले आणि पोळ्यांकडे वळले. त्यांना खरंच तसं वाटलं की मला काय वाटतं ते पाहायचं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

नवा गट दुसऱ्या अ‍ॅपवर आहे. तिथं आजवर एकही चांदणी दिसलेली नाही. तरी मी गटावर काही लिहिलं की लगेच वणीला वहिनीला फोन लावते. तिलाही मी त्या गटात घेतलं आहे, ती शिवत नसली तरी.

"पाह्य बरं, तुले काय दिसते?" मी विचारते.

वहिनी माझं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवते. मध्ये अडखळली की मी लगेच विचारते, "चांदण्या हायत काय?" बहुतेक वेळा ती चष्मा शोधत असते.